पट्ट्यांचं झाकण

ही गोष्ट आठ वर्षं मी कोणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात हात जोडतानाही नाही – तिथंही मी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी बोलायचो. मागच्या रविवारी ती पहिल्यांदा तोंडातून निघाली. आता तुम्हाला सांगतो. मधेच थांबलो तर समजून घ्या, मला या बोलण्याची सवय नाही.

विदर्भ महाराष्ट्रात येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होतो. वडीलही तिथलेच, त्यामुळे यंत्र आमच्या रक्तात आहे असं मी चारचौघांत सांगायचो. असेलही. अक्कल रक्तात नसते, हे मात्र कोणी मला सांगितलं नाही.

रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये एक विलायती मासिक आलं होतं. त्यात एक चित्र – जमिनीला पोट घासेल एवढी बुटकी गाडी, चार इवलीशी चाकं, मागं इंजिन आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक साहेब. झालं! आम्ही तिघं पेटलो. रशीदभाई, मी आणि भास्कर. चांदूर बाजारकडच्या एका संत्र्याच्या बागेतून विहिरीवरचं जुनं पेट्रोल इंजिन आणलं, पाइप जोडले, हातगाडीची चाकं लावली. मोहल्ल्यातले लोक तिला ‘बिनबैलाची रेंगी’ म्हणायचे. म्हणू देत. ती पळायची. तिकडं अकोल्याच्या मंडळींनीही एक तयार केली, आणि मे महिन्यात, कापसाचा हंगाम सरल्यावर, तिथल्या जिनाच्या रिकाम्या आवारात दोन्ही गाड्यांची शर्यत ठरली.

भास्करबद्दल सांगायला हवं – आणि इथंच माझी जीभ अडते.

तो सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा तो मॅट्रिकला होता. अंगानं सडपातळ, म्हणून गाडी चालवायला तोच. आम्ही एका कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचो, आणि याचा मला अभिमान होता. अभिमान! मित्राबरोबर चहा पिण्यात अभिमान कसला वाटायचा? ते तेव्हा मला विचित्र वाटलं नाही. आज वाटतं.

वाद पडला तो इंजिनाच्या फ्लायव्हीलवरून. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड चाक, चालवणाऱ्याच्या डाव्या कोपराजवळ उघडं फिरणारं. इंजिन विहिरीवर होतं तेव्हा ते संथ फिरायचं. आम्ही त्याला दुप्पट वेगानं पळवत होतो. भास्कर म्हणायचा, नवं चाक मागवू, आणि काही झालं तरी वर झाकण घालू. मी म्हणायचो, नवं चाक मुंबईहून येईपर्यंत पावसाळा लागेल, आणि झाकणानं वजन वाढेल. रोज संध्याकाळी हेच. मी भाषणं ठोकायचो, तो शांतपणे एकच वाक्य बोलायचा.

“वसंता, फुटलं तं ते तुह्या भाषनात नाही, माह्या पोटात घुसन.”

रशीदभाई हसायचे. आजूबाजूचे लोकही हसायचे. मला ते झोंबायचं. नुसतं हरल्याचं नव्हतं ते झोंबणं – आता सगळं सांगायला बसलोय तर हेही सांगतो. ‘यानं मला शिकवावं?’ असं काहीतरी आत उठायचं. ‘यानं’ म्हणजे कोणी, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द मी कधी तोंडावर आणला नाही, इतकंच.

शेवटी रशीदभाईंनी तोड काढली. चाकाची खडूपरीक्षा घ्यायची. जिनात आम्ही हे नेहमी करायचो – बिडाला घासलेट चोपडायचं, थोडं मुरू द्यायचं, कोरडं पुसून काढायचं आणि वरून खडूची पूड लावायची. कुठं तडा असेल तर आत मुरलेलं घासलेट बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. परीक्षा मी घ्यायची, कारण यंत्र माझ्या रक्तात!

दुपारच्या सुट्टीत मी एकटाच होतो. पूड लावली, बिडी ओढली, परत आलो.

रेघ आली होती.

आऱ्याच्या मुळाशी, बारीक, केसाएवढी. पण होती. मग खिशातला रुमाल काढला आणि पुसून टाकली. परत पूड लावूनही पाहिली नाही – पुन्हा उमटली असती म्हणून. संध्याकाळी भास्करनं विचारलं, “काय म्हन्ते खडू?” मी म्हणालो, कोरा. रशीदभाई म्हणाले, “वसंतानं देख लिया ना? बस, बात खतम.”

भास्करनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. पण तरी, माझं वजनाचं रडगाणं ऐकत ऐकत, त्यानं स्वतःच्या हातानं झाकण केलं. रुईच्या, सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या, चटईसारख्या उभ्या-आडव्या विणल्या, रिबिटं मारली आणि चाकावर कमान बसवली. मी त्या झाकणाची टिंगल केली. बाजेवर बसून शर्यत जिंकणार का, म्हणालो.

अकोल्यात लोक शंकरपटातल्या बैलांच्या शर्यतीला जमावेत तसे जमले होते. भास्कर पुढं होता. तिसऱ्या वळणावर बंदुकीसारखा आवाज झाला.

मोठा तुकडा झाकणात अडकला. तो कुठं निघाला होता, ते पट्ट्यांच्या वाकण्यावरून स्पष्ट दिसत होतं – सरळ त्याच्या पोटाकडे. एक लहान तुकडा खालच्या फटीतून निसटला आणि डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला.

त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि मागं गर्दीत चर्चा सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, पट्टी सैल झाली असेल, चाकात गेली असेल, म्हणून फुटलं. दुसऱ्यानं होकार दिला. बघता बघता ते खरं झालं. मी चाकाचे तुकडे गोळा करत होतो. ज्या जागी रेघ होती तिथं भेगेचा अर्धा भाग जुना, काळपट होता आणि अर्धा नवा, चकचकीत. फिटरच्या पोराला कळावं तेवढं कळलं. ते तुकडे मी पोत्यात भरले, अमरावतीला आणले आणि जिनाच्या मोडीत टाकून दिले. इतर भंगाराबरोबर तेही वितळले.

पण सगळ्यात वाईट अजून सांगायचंच आहे.

दवाखान्यात मी त्याच्यासाठी संत्री घेऊन गेलो. हाताला हे एवढं बांधलेलं. तो म्हणाला, “माह्याच झाकनानं घात केला, वसंता. तू तं चाक पाहून देल्लं होतं.” आणि मी – संत्रं सोलत सोलत – म्हणालो, जाऊ दे, होतं असं. मीच त्याला क्षमा केली! हे वाक्य मला आठ वर्षं जेवताना, दाढी करताना, कुठंही ऐकू येत आलं आहे.

भास्कर काही खचला नाही. नकाशाची पट्टी तळव्यानं दाबून धरायला शिकला, परीक्षा दिल्या, अकोल्याच्या तांत्रिक शाळेत शिक्षक झाला. लग्न झालं, मुली झाल्या. दर दिवाळीला भेटायचो. दर वेळी ठरवून जायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो.

मागच्या महिन्यात त्याचा निरोप आला. त्याच्या विद्यार्थ्यांनी तशीच गाडी केली होती, स्कूटरच्या जुन्या इंजिनावर. शर्यतीआधी पाहून जा, म्हणाला. गेलो. मागच्या रविवारी शाळेच्या कार्यशाळेत दहा-बारा पोरं गाडीभोवती वाद घालत होती. एक उंच पोरगा हट्टाला पेटला होता – सर, फिरत्या भागावर झाकण पाहिजेच. आणि भास्कर, माझा भास्कर, डावा हात वर करून म्हणत होता, “झाकन नाही म्हन्जे नाही. हे पाहा. मी भोगून बसलो हावो.”

उंच पोरानं हातातला झाकणाचा नकाशा दुमडला. त्या हातापुढं कोण बोलणार?

माझं खोटं इथपर्यंत आलं होतं. आता ते या पोरांच्या पोटावर बेतणार होतं, आणि तेही त्याच्या तोंडून.

मी बोललो. सगळ्यांसमोर. रेघ आली होती, मी पुसली, तुकडे मीच मोडीत टाकले. शेवटपर्यंत बोललो. ‘यानं मला शिकवावं?’ हेही सांगितलं. पोरं कधी माझ्याकडे, कधी सरांकडे पाहत होती.

भास्करनं आपला डावा हात समोर धरून पाहिला. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “म्हन्जे माहं झाकन बराबर होतं.”

आणि त्याचा चेहरा – कसं सांगू? आठ वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं आणि तो चक्क हसत होता.

मग त्यानं उंच पोराला जवळच्या जिनात पट्ट्या आणायला पिटाळलं. त्या दिवशी माझ्याशी तो आणखी एक शब्दही बोलला नाही. पोरांना मात्र पट्टी कुठं वाकवायची, रिबीट कुठं मारायचं, खालची फट कशी बुजवायची, हे तो गाडी सुटेपर्यंत सांगत होता.