डोकं माझं, सराव त्यांचा

"थांब, घाई करतोस. आधी मूल कसं गेलं ते विचारायचं. हात नंतर ठेवायचा."

साहेब विद्यार्थ्याला शिकवत होते. हात विद्यार्थ्याचा. डोकं माझं.

दुष्काळाचं साल. कर्जतकडचं गाव, गावाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती. माझी पाच महिन्यांची पोर हगवणीनं गेलेली. नगरला पाळक व्हायला शिकणारी पोरं दर शनिवारी एकेक करून एसटीनं यायची. दुःखी घरात जाऊन धीर कसा द्यायचा, ते शिकायला. सोबत त्यांचे साहेब, मिशनच्या बंगल्यात वाढलेले.

पहिल्या शनिवारी मी ढसाढसा रडले. हलकं वाटलं. मग काय! शनिवार आला की मी धुतलेलं लुगडं नेसायची, उसनी साखर आणायची, दारात वाट बघत बसायची. वाटायचं, येशूनं खास माझ्यासाठी माणसं धाडलीत, तीबी तिकीट काढून! काय ध्यान होते मी. दावणीची म्हैस बरी; आपल्याला कोण पिळतंय, ते तिला कळतं तरी.

सासू म्हणायची, "पाव्हणे लई येत्यात गं तुज्याकडं. पोर आजारी हुती तवा एकबी न्हाई आला."

मी तिच्यावरच फुरंगटून बसायची.

हा चौथा शनिवार. चौथा पोरगा. मला रडूच येईना.

"अगं, मागच्या वेळेसारखं सांग ना," साहेब म्हणाले. "नाहीतर त्याला जमणार कसं?" मग मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत, त्याच्याकडे वळून, मी तिथं नसल्यासारखं, "ही वस्तीतली माणसं शिकायला बरी. चटकन मोकळी होतात."

पोराचा हात डोक्याला टेकणार, तोच मी तो बाजूला सारला.

"साहेब, त्या वहीत माज्या लेकीचं नाव काय लिवलंय?"

त्यांनी वही चाळली. पोरगा वाकून बघायला लागला, आणि त्याच्याच तोंडून निघालं, "बाई, वय बावीस. मूल मयत." चारही शनिवारी तेवढंच. नाव नव्हतं.

"नावाचं काय एवढं? पद्धत बघायची असते," साहेब म्हणाले.

"एस्तेर. एस्तेर नाव हुतं तिचं. आता उठा."

"उद्धट आहे," असं पोराला सांगत साहेब बाहेर पडले. चहा तसाच राहिला. त्यांनी पुढची दुःखाची घरं गाठायच्या आत मी त्यांच्या पुढं पळाले आणि दारोदार वहीतलं सांगितलं. त्या दिवशी वस्तीत त्यांच्यासमोर कुणी रडलं नाही.

देव मी सोडला नाही. तो काय त्यांच्या बंगल्यातला नव्हता. पण माझं रडणं तेव्हापासून माझं. ज्याला धीर द्यायला शिकायचंय, त्यानं आपल्या घरच्या मढ्यावर शिकावं.