बसायच्या जागांचा कोश

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्या सिस्टरच होत्या. उभं आयुष्य वॉर्डात उभ्याने काढलं आणि गुडघ्यांनी त्याचा सूड नंतर उगवला. बाजारात निघायचं तर पहिला प्रश्न पडायचा, वाटेत बूड टेकायला कुठे मिळेल? त्यातूनच त्यांनी 'टेका' नावाची वेबसाइट सुरू केली. शहरात फुकट बसायला कुठे मिळतं, ते ज्याला ठाऊक त्याने लिहावं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारावं. "पोस्टापुढचा बाक दुपारी भाजतो." "औषधवाल्याचं स्टूल, मालक असेल तरच. मुलगा उठवतो." बघता बघता गरोदर बायका, हृदयाचे पेशंट, घरोघर सामान पोचवणारे, सगळेच लिहू लागले.

अडचण एकच होती. हा सगळा पसारा जावयाच्या ऑफिसातल्या संगणकावर गुपचूप मुक्कामाला होता आणि जावई नोकरी बदलत होते. "आई, तुमचे बाक हलवा आता," ते म्हणाले.

शहरात एक ज्ञानकोश मंडळ होतं. जुनं, भारदस्त. त्यांचा शेवटचा खंड निघाला तेव्हा सिस्टरांची मुलगी रांगत होती. मंडळाने पदरात घेतलं तर आपल्या माघारीही हे टिकेल, असं सिस्टरांना वाटलं. शिवाय मंडळाच्या शिक्क्याखाली आपलं नाव कसं दिसेल, हेही त्यांनी मनातल्या मनात दोनचारदा पाहून घेतलं होतं.

त्यांनी अर्ज केला. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी घसा साफ केला. "मूळ प्रश्न असा, की बसणे हे ज्ञान आहे काय?"

"बसणे ही क्रिया आहे," भाषातज्ज्ञ म्हणाले.

"आणि बसायची जागा ही माहिती," चिटणिसांनी सुधारलं. "माहिती आपण घेत नाही."

यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मग चिटणिसांनी विचारलं, "या नोंदी लिहितं कोण?"

"ज्यांचे पाय दुखतात ते," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे अधिकारी व्यक्ती नव्हेत."

"बसण्यातली अधिकारी व्यक्ती कोण हो?"

सगळे गादीच्या खुर्च्यांत जरा सावरून बसले. त्या खोलीत या विषयात कोणाचाच अधिकार कमी नव्हता.

शेवटी ठरलं, प्रकल्प तत्त्वतः मंडळाखाली घ्यावा. 'टेका' हे नाव फारच घरगुती, म्हणून 'नागरी आसनस्थळ-कोश' म्हणावं. प्रत्येक बाकाला छापील आधार हवा. आणि तज्ज्ञांची छाननी होईतो नोंदी गोठवाव्यात.

"गोठवायच्या म्हणजे?"

"कोणी बदल करायचा नाही."

"मध्येच बाक मोडला तर?"

"मोडला तरी नोंद राहील," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "कोशाचं तेच तर वैशिष्ट्य."

"नोंदीवर बसता येत नाही हो, सर."

पेशंट धापा टाकत असताना आजाराच्या नावावरून भांडणारे डॉक्टर सिस्टरांनी वॉर्डात चिक्कार पाहिले होते. त्यांनी टेबलावरचा आपला अर्ज उचलला आणि पर्समध्ये टाकला.

"तुम्ही मंडळाला नकार देताय?" चिटणिसांचा कानांवर विश्वास बसेना.

"हो," सिस्टर म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पण जिना उतरताना शिक्क्याखालचं ते नाव डोळ्यांपुढून हलेना.

घरी येऊन त्यांनी 'टेका'वरच लिहिलं, जागा हवी आहे. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. "आमच्या संगणकावर ठेवा की. फक्त आमच्या बाहेरच्या खुर्च्या डुगडुगतात, एवढं लिहू नका."

"ते कधीच लिहून झालंय, बाई."

आठवड्याभरात बाईंनी मुकाट्याने खुर्च्या बदलल्या आणि 'टेका' तिथे सुखाने नांदू लागलं.

मंडळही स्वस्थ बसलं नव्हतं. यथावकाश 'नागरी आसनस्थळ-कोश, खंड पहिला : प्रस्तावना' बाहेर पडला. जाडजूड. बसण्याच्या संकल्पनेचा सांगोपांग विचार, आणि बाक एकही नाही. एका तळटीपेत 'एका हौशी गृहिणीच्या उपक्रमाचा' ओझरता उल्लेख होता.

सिस्टरांच्या नवऱ्याने तो मोठ्याने वाचला आणि बायकोकडे पाहिलं. "वाईट वाटलं?"

"गृहिणी म्हणाले ना, त्याचं वाटलं. जन्मभर नाइट ड्यूट्या काय यांच्या प्रस्तावनेने केल्या?" सिस्टरांनी चष्मा चढवला. "सरका जरा. कोर्टापुढचा बाक उचलून नेलाय म्हणे, ते लिहिते आधी. कोणीतरी भरवशावर जाईल बिचारं."