उसवलेली पुस्तकं

जाऊबाई गेल्याचा निरोप मालगाडीच्या गार्डानं ठाकुरवाडीला आणला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा आठवला तो मागच्या भेटीतला त्यांचा प्रश्न. अंगात ताप, बोलताना धाप लागत होती, तरी माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "काय वाचतेस गं सध्या?" घरादाराची खुशाली त्या नेहमीच नंतर विचारत. मी म्हटलं, "कुठलं वाचन, बाई. वेळच नाही मिळत." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

लग्न होऊन मी खोपोलीला आले तेव्हा थोरले दीर कर्जत स्टेशनात तारबाबू होते. शनिवारी घरी येताना ते तिथल्या वाचनालयातलं पुस्तक आणत आणि सोमवारी परत नेत. पुस्तक एक, वाचणाऱ्या दोघी, वर घरातली कामं. जाऊबाईंनी तोड काढली. पाठीचा टाका उसवून पुस्तकाचे दोन भाग करायचे. सुरुवात माझी, शेवट त्यांचा. थोरलीचा मान आहे म्हणत आणि हसत. सोमवारी पहाटे गोधडीच्या लाल दोऱ्यानं पुस्तक पुन्हा शिवून दिरांच्या पिशवीत जाई. मग आठवडाभर तांदूळ निवडताना मी माझं अर्धं सांगायचं, नंतर त्यांनी त्यांचं. कोण कुणाचं कोण हे ठाऊक नसताना त्यांनी शेवट वाचलेला असे, त्यामुळे माझ्याकडून सुरुवात ऐकताना त्या मध्येच कपाळावर हात मारून घेत. नुसतं 'बरं आहे' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बरं भाजीला म्हणावं. कोण पटलं, कोण नाय, ते सांग." पळसदरीच्या माहेरची ती बोली त्यांनी सासरीही सोडली नाही.

माझा पहिला मुलगा रांगायच्या आतच गेला. मी बोलेनाशी झाले, पुढ्यातलं ताट तसंच राही. जाऊबाई तरीही माझ्या वाटणीचं अर्धं पुस्तक आणून ठेवत. त्यातल्या एकात नेमकी मूल गेलेली एक आई निघाली. संध्याकाळी घागर घेऊन ती एकटीच नदीकडे निघते, तिथं माझी पानं संपली होती. कित्येक दिवस मी ते सांगितलं नाही. शेवटी एकदा सांगितलं आणि विचारलं, "पुढं काय होतं?" जाऊबाईंचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "काय व्हायचंय? घागर भरते नि घरला येते."

"खोटं लिहिलंय," मी म्हटलं. "असं कुणी परत येत नाही."

"येतं. मला पटलंय."

मला राग आला. तो सगळा पावसाळा आम्ही त्या बाईवरून भांडलो. ती घरी येऊन काय करते? चूल पेटवते. का पेटवते? घरात माणसं हायत म्हणून. कोणाशी बोलते? शेजारणीशी. त्यांना खोटं पाडण्यासाठी का होईना, मी बोलू लागले, भांडताना समोरचं जेवूही लागले. पुढं मला दोन मुली झाल्या, यजमानांची, तेही रेल्वेतच, घाटातल्या ठाकुरवाडीला बदली झाली आणि आमची अर्धी अर्धी पुस्तकं थांबली.

जाऊबाईंचे दिवस झाल्यावर गेल्या आठवड्यात कर्जतला गेले होते. वाचनालयात ते पुस्तक मागितलं. पाठीवर लाल टाका तसाच होता, थोडा विटलेला. घरी आणून पहिल्यांदाच त्याचं दुसरं अर्धं वाचलं.

ती बाई परत येत नाही. घागर काठावर सापडते, आणि उरलेली पानं नवऱ्याच्या विलापाची आहेत. चूल नाही, शेजारीण नाही. ते सगळं जाऊबाईंनी तांदळातले खडे वेचता वेचता रचलं होतं. आजवर मी ऐकलेल्या शेवटांपैकी लेखकांचे किती आणि त्यांचे किती, हे आता कळायचं नाही. मी पुस्तक मिटून खूप रडले.

पुस्तक शनिवारी परत करायचं आहे. सध्या ते सुपाशेजारीच असतं. तांदूळ निवडताना टाक्यावरून हात फिरतो आणि त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर मी मनात देते... बाई, ते नदीवरच्या बाईचं पुस्तक वाचतेय. शेवट लेखकानं चुकवलाय. ती घागर भरून घरी येते. मी आले ना.