न मागता आलेलं बिल

ओदील पेराशाँला राग आलाय की नाही, हे तिच्या तोंडाकडे बघून कळत नसे. ती सुऱ्या पुसायला घ्यायची. आधीच लख्ख असलेल्या सुऱ्या ती फडक्याने अशा घासायची, की आत रस्सा ढवळणारा आचारीसुद्धा ओळखायचा, आज बाईंचं डोकं फिरलंय. त्या वसंतात तिने सुऱ्या फार पुसल्या.

तूर्न्यू गावात, नदीच्या धक्क्यापासून दोन गल्ल्या आत मादाम मार्गरीतची खानावळ होती, आणि ओदील तिथे एकतीस वर्षं जेवण वाढत होती. बाप द्राक्षमळ्यावरचा मजूर, नवरा लग्नानंतर चार वर्षांनी ‘जरा येतो’ म्हणून गेला तो गेलाच. हाताशी काही नव्हतं तेव्हा मार्गरीतने तिला एप्रन दिला. त्या दिवसापासून ती एका हातावर तीन ताटल्या पेलत आली. गुडघे गेले, पण कुणाला मीठ चालत नाही, कुणाला पावाचा कडेचाच तुकडा लागतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. रोजच्या गिऱ्हाइकांचे कापडी रुमाल भिंतीतल्या खणांत असायचे, ज्याचा त्याचा खण. स्वतः ओदील मात्र त्या दालनात एकदाही खुर्चीवर बसलेली नव्हती. नोकरमाणसांनी अकरा वाजता आतच खाऊन घ्यायचं.

एक नियम तिला कुणी शिकवला नव्हता, तो तिच्या रक्तातच होता. बिल मागितल्याशिवाय न्यायचं नाही. माणूस जेवला, चीज झालं, कॉफी झाली, तरी तो बसलाय ना, मग टेबल त्याचं. न मागता बिल पुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या हातात त्याच्या चपला देणं.

मार्गरीतचं खुब्याचं हाड मोडलं आणि खानावळ तिच्या भाच्याच्या हातात आली. सिरिल नऊ वर्षं अमेरिकेत डेनव्हरच्या एका हॉटेलात होता. त्याला ओदीलने लहानपणी याच टेबलांखालून ओढून काढलं होतं. आता तो तिला हसायला शिकवू लागला.

“सहलीच्या बोटीवरची माणसं आली की आधी आपलं नाव सांगायचं, ओदील. पाण्यात बर्फ. आणि मधूनमधून विचारायचं, जेवण कसं वाटतंय.”

“घास तोंडात असताना विचारू?”

“तिकडे विचारतात.”

“तिकडे मग तोंडात घास नसेल.”

इथवर ती सोसत होती. पण एप्रिलमध्ये नदीतल्या मोठ्या बोटीवरची आठ अमेरिकन माणसं जेवायला आली. एक वाजता त्यांची कॉफी झाली आणि ती हसतमुखाने बसून राहिली. पावणेतीनपर्यंत बसली. ओदीलला त्यांचं कौतुक वाटलं, काय छान बसतात! दोनदा तिने आपणहून पाणी नेऊन दिलं. ती माणसं बिचारी बिलाची वाट बघत होती. मागणं उद्धटपणाचं होईल म्हणून गप्प होती, आणि तोवर त्यांची सहलीची बस निघून गेली. बोटीच्या कंपनीकडे तक्रार झाली.

“दोन तास ताटकळत ठेवलंत तुम्ही त्यांना!” सिरिल लालबुंद झाला होता.

“मी त्यांना निवांत बसू दिलं.”

“ते बिलाची वाट बघत होते!”

“मग तोंड नव्हतं का मागायला?”

“मागावं लागत नाही तिकडे. कॉफीबरोबर बिल येतं. लोकांना कामं असतात, ओदील.”

“कामं असतील त्यांनी गाडीत बसून खावं. खातात ना तिकडे? तूच सांगतोस कौतुकाने.”

त्याने फतवाच काढला. कॉफी ठेवताना बिलही ठेवायचं, सगळ्यांना, आणि सव्वाला टेबलं मोकळी, कारण बोटीवरची दुसरी पंगत तेव्हा येणार. बोटीवरच्यांना ओदील तसं बिल देऊ लागली. ती माणसं ‘थँक्यू’ म्हणून पटकन उठायची. त्यांना तशीच सवय, त्यात त्यांचा काय दोष? गावच्या माणसांपुढे मात्र तिने एकदाही न मागता कागद ठेवला नाही. सिरिल डोळे वटारायचा, ती सुऱ्या पुसायची.

खिडकीजवळच्या टेबलावर मस्यू रोबलँ बसायचे. नदीवर बोटी वरखाली करणारं मोठं जलद्वार असतं, त्यावर त्यांनी आयुष्य काढलं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाराला यायचे, अडीचला उठायचे, आणि त्या अडीच तासांत जे काही बोलायचे तेवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं. हे ओदीलला माहीत होतं. म्हणूनच ती जाता-येता त्यांच्याशी भांडण उकरून काढायची.

“आज रस्सा पातळ आहे, ओदील.”

“तुमचे दात बघून पातळ केलाय.”

मेच्या एका शुक्रवारी धक्क्याला दोन बोटी लागल्या. दाराशी रांग होती. ओदील आत ताटल्या भरत असताना सिरिल बाहेर आला आणि त्याने मस्यू रोबलँसमोर बिल ठेवलं. म्हातारा अजून चीज खात होता. कॉफी यायची होती.

ओदील बाहेर आली तेव्हा ते उभे होते. पैसे टेबलावर होते.

“माझा रुमाल द्याल का खणातला?” ते हळूच म्हणाले. “घरी नेतो म्हणतो.”

त्यांनी तो चार घड्या करून खिशात घातला आणि ते गेले. सोमवारी आले नाहीत. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही नाहीत.

ओदीलला सिरिलचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा आला. ती दोन मिनिटं आधी बाहेर आली असती, तर तो कागद तिने चुलीत घातला असता. गुरुवारी काम संपल्यावर ती त्यांच्या घरी गेली. मोरीजवळ कागदात हॅमचा एक काप उघडा पडला होता. ताटली नव्हती, खुर्ची ओढलेली नव्हती.

“उभ्यानेच खातो,” ते म्हणाले. “दहा मिनिटांत होतं. बरं असतं.”

“काय बरं असतं? डोंबल! चला उद्या.”

“बिल दिलं मला, ओदील. मी मागितलं नव्हतं.” त्यांनी हॅमवर कागद ओढला. “बावीस वर्षं जेवलो तिथे.”

ओदीलने खुर्ची ओढून त्यांना बसवलं. मग म्हणाली, “बुधवारी माझी सुट्टी. मी गिऱ्हाईक म्हणून जेवणार आहे, खिडकीच्या टेबलावर. एकटीने बसायला मला लाज वाटते. सोबत याल?”

ते आले. इस्त्रीचा कोट घालून आले. ओदील तिथे पहिल्यांदाच खुर्चीवर बसली, आणि हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. रेड वाइनमध्ये शिजवलेली अंडी मागवली, मग वासराच्या मटणाचा पांढरा रस्सा. सिरिल स्वतः वाढायला आला. गेल्या आठवड्यात गावच्या चार माणसांनी त्याला रस्त्यात अडवून सुनावलं होतं.

“माझं चुकलं, मस्यू रोबलँ,” तो म्हणाला. “तुम्ही हवा तेवढा वेळ बसा. माझी काही हरकत नाही.”

ओदीलचं टाळकंच सटकलं. हरकत नाही म्हणे! तुझी परवानगी कुणी मागितली होती? इतकी वर्षं हा माणूस इथे बसला तो काय तुझ्या मेहेरबानीवर? पण मस्यू रोबलँ मान डोलावत होते, “आभारी आहे, आभारी आहे,” म्हणत होते, म्हणून तिने आपली सुरी उचलून रुमालाने पुसायला घेतली.

ते भराभर जेवत होते. घासावर घास. रस्सा पातळ आहे की दाट, काही बोलले नाहीत. तिने मुद्दाम चिमटा काढला, “आज आचाऱ्याने मिठाचा डबाच ओतलाय.” तर म्हणाले, “छान आहे, छान आहे.” दर दोन घासांनी त्यांची नजर दाराकडे जायची. तिथे बोटीवरची माणसं येऊन उभी राहू लागली होती. ओदीलचं अर्धंसुद्धा झालं नव्हतं तोवर त्यांची ताटली रिकामी झाली.

सिरिल चीज घेऊन आला.

“चीज नको आज,” मस्यू रोबलँ म्हणाले. “माझं तेवढं बिल द्या.”

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वाच्या आत उठायचं, हे त्यांना आता कुणी सांगावं लागत नव्हतं.

“बसा हो,” ओदील म्हणाली. “अहो, बसा ना.”

“लोक उभे आहेत, ओदील.” त्यांनी पैसे ठेवले, तिचा हात हातात घेऊन हलवला, आणि दारातल्या माणसांकडे वाट मागत बाहेर पडले.

सिरिल त्यांची ताटली उचलायला वाकला. बरोबरचं माणूस जेवत असताना दुसऱ्याची ताटली उचलत नाहीत, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. ओदीलने ताटलीवर हात दाबून धरला.

“ठेव ती. मी जेवतेय.”

“पण ते तर गेले, ओदील.”

“गेले नाहीत,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज दाराबाहेरच्या रांगेपर्यंत पोचला. “तू घालवलंस त्यांना!”