सावळीच्या फेऱ्या

माझे थोरले दीर किसनराव गेली सतरा वर्षं मोताळ्याबाहेरच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांवर कामाला आहेत. तिथली सावळी म्हणजे अस्वलाची मादी. पडक्या विहिरीत सापडली तेव्हा मांजराएवढी होती, भाऊजींनी बाटलीनं दूध पाजून वाढवली. जाऊबाई गेल्यापासून जेवताना त्यांच्या तोंडी तिचाच विषय. आज बुद्धवंदना आटोपल्यावर त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण घरात ते असून नसल्यासारखे आहेत.

थंडीच्या सुरुवातीला गार्गी नावाची मुलगी आली होती. कोंडलेली अस्वलं कशी वागतात, यावर तिचं संशोधन. सावळीचा पिंजरा आमच्या दोन खोल्यांएवढा. त्यात ती एकाच कडेनं जाते, कोपऱ्यात मान झटकून वळते, परत येते. फरशीवर तिची गुळगुळीत वाटच पडली आहे. गार्गी म्हणाली, ही जीव उबगल्याची खूण. दूर एके ठिकाणी झाडं, माती, पाणी असलेलं मोठं कुंपण तयार होतंय, तिथं पाच अस्वलांना जागा मिळणार. ज्यांचे हाल जास्त, त्यांना आधी.

तिला आणखी गावं फिरायची होती. म्हणून दोन दिवस शिकवून कागद भाऊजींकडे देऊन गेली. दर दहा मिनिटांनी सावळीकडे बघायचं आणि एका रकान्यात खूण करायची: फेऱ्या, खाणं, माती उकरणं, निवांत. हाक मारायची नाही, हे दोनदा बजावलं.

महिन्याभरानं भाऊजींनी कागद घरी आणले. बघते तर सगळ्या खुणा 'निवांत'च्या रकान्यात.

"भाऊजी, हे खरं हाय?"

"मी हाक मारतो, ते येऊन बसते. मंग झालं ना निवांत."

"हाक मारू नका म्हणली होती ना ते पोरगी?"

"तुह्या धम्मशीलाले पाह्याले पाव्हणे आले तवा, पोरगी रागात ताटं आपटते असं सांगतलं होतं का तू? ह्या कागदावरून सावळीले कोनीतरी पसंत करणार हाय रेणुका. चांगलंच लिहा लागते."

धम्मशीलाचं ऐकून मला हसू आलं आणि मी विषय सोडला. तेव्हाच धरायला हवा होता.

फेब्रुवारीत यादी लागली. चार नावं होती, सावळीचं नव्हतं. भाऊजींनी फोन लावला.

"काका, ती मजेत आहे असं तुमचेच कागद सांगतात," गार्गी म्हणाली. "जिला त्रासच नाही, तिला कशाला हलवतील?"

भाऊजी म्हणाले, "पोरी, ते कागद खोटे हायेत. फेऱ्या मी लपवल्या."

ती रागावली नाही. पाचवी जागा अजून रिकामी होती, पण मोजणी पुन्हा करावी लागणार, आणि ती स्वतः करणार. "फक्त एक आहे काका. तुम्ही दिसलात की ती थांबते. तीन आठवडे तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. आवाजसुद्धा जायला नको."

"तिले वाटन, मी मेलो."



तेव्हापासून भाऊजी घरी आहेत. चार वाजले, तिच्या खाण्याची वेळ झाली, की उठतात, चप्पल घालतात, दारापर्यंत जाऊन परत काढतात. निवड झाली तर सावळी कायमची लांब जाणार, हेही त्यांना माहीत आहे. रोज सगळ्या जिवांचं भलं चिंतत मैत्रीभावना करताना मी तिचं नाव घेते, पण तिच्यासाठी काय इच्छावं ते कळत नाही. शांत राहिली तर पिंजरा सुटायचा नाही, आणि तळमळ वाढू दे असं तथागतांपुढे बसून मनात कसं आणू?

आज नववा दिवस. दुपारी गार्गीचा फोन आला.

"काका, फेऱ्या खूप वाढल्यात. सकाळपासून बसलीच नाही. खाणंही अर्धं टाकलंय. असंच राहिलं तर नाव नक्की लागेल."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले.

त्यांनी फोन चालूच ठेवून माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. गार्गी विचारत होती, "काका, ऐकताय ना?" ऐकलं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. अजून बारा दिवस आहेत.