कुमुदताईंची वही

रेवा, ईशान —

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, आणि आजोबांना तर नाहीच. मग आताच का? मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी माझ्यासाठी मदतीला बाई ठरवलीत आणि त्या संस्थेचा फॉर्म मोबाइलवर पाठवलात. चार पानं, इंग्रजीत. मी शब्द न् शब्द वाचला. माझे आजार, माझी औषधं, माझ्या सवयी — सगळं गुप्त ठेवलं जाईल, असं त्यात लिहिलं आहे. ईशान, तू फोनवर विचारलंस की या लोकांवर विश्वास ठेवायचा ना. मी हो म्हटलं. पण ते उत्तर अर्धंच होतं.

आजोबांना लकवा झाला तेव्हा वर्ध्याच्या एका संस्थेने आपल्याकडे वनिता पाठवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आंजीहून बसने यायची. आधी दोन गल्ल्या पलीकडे कुमुदताईंकडे सकाळचं काम, मग अकरापासून संध्याकाळपर्यंत आपल्याकडे. प्रत्येक घरची एक वही असे. पेशंटने काय खाल्लं, औषध कधी दिलं, अंघोळ, लघवी, चिडचिड — सगळं तिच्यात लिहायचं. वही त्या-त्या घरातच राहायची. फक्त महिनाअखेरीला संस्थेत तपासायला न्यायची.

अशाच एका महिनाअखेरीला वनिता आजोबांना स्पंजिंग करत होती आणि तिची पिशवी खुर्चीवर होती. मी बरीच वर्षं मनाला समजावलं की पिशवी खुंटीला लावताना वही खाली पडली. नाही पडली. मी काढली. वर कुमुदताईंचं नाव होतं, म्हणूनच काढली.

कुमुदताई कोण, ते सांगायला हवं. निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्या पिपरीच्या महिला मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तर माझं मराठी त्या चारचौघींत सुधारायच्या — हसत, पण सुधारायच्या. मला ते लागायचं का? लागायचं. वीस वर्षं लागत होतं.

वहीत काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. एकदा बोलले तेवढं पुरे झालं. त्यांचं मन आणि शरीर दोन्ही हातातून निसटत होतं आणि घरच्यांनी ते जिवापाड झाकून ठेवलं होतं — एवढंच. मी उभ्या उभ्या सहा पानं वाचली. वनिता चालू पानाचा कोपरा दुमडून ठेवत असे. माझ्या हाताची सवय तुम्हाला माहीत आहे — दुमडलेलं पान दिसलं की मी ते सरळ करते. तेही केलं, आणि वही परत पिशवीत ठेवली.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. कुमुदताई आल्या नव्हत्या. एकीने विचारलं, का हो दिसत नाहीत? आणि मी सांगितलं. काळजीचा आवाज काढून, हळू, "कुणाला बोलू नका" म्हणून. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आठवड्याभरात कुणीतरी बाजारात त्यांच्या सुनेला सहानुभूती दाखवली. घरच्यांनी संस्थेकडे तक्रार केली. घराबाहेरचं माणूस एकच होतं — वनिता. संस्थेच्या सुपरवायझर बाई आपल्याकडे चौकशीला आल्या. आजोबांच्या पलंगाशीच बसल्या. वनिता वाटी घेऊन त्यांना पेज भरवत होती. आमच्याकडे ही काही बोलली का, असं बाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, नाही, आमच्याकडे तरी काही नाही. शब्दाने खोटं नव्हतं ते. अशी खरी वाक्यं मला छान जमतात.

मग वनिताला विचारलं, वही कुणाच्या हाती लागली होती का?

ती माझ्याकडे पाहीलही, असं वाटलं. तिने पाहिलं नाही. म्हणाली, "वही माह्याजवळ होती, मॅडम. जिम्मेदारी माही."

तिचं सकाळचं घर गेलं. दहा वर्षं घरोघरी जाऊन कमावलेलं नाव गेलं. आपल्याकडचं काम राहिलं — कारण मी म्हटलं, आमची काही तक्रार नाही.

बाई गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तुला माहीत होतं ना? तर म्हणाली, "पानाचा कोपरा सरळ झालता, आजी. या घरात तुमच्याशिवाय कोन करते ते?" वाटी धूतच होती. मी विचारलं, मग माझं नाव का घेतलं नाहीस?

"या घरात जे दिसन ते बाहेर सांगाचं नाई, असं सही करून देल्लं हाय मी. तुमी वही वाचली, ते याच घरात दिसलं ना मले." मग जराशी हसली. "नाई तं सही काऊन घेतली माही? शोभेले?"

मुलांनो, तो कागद इंग्रजीत होता. तिला दुसऱ्या कुणीतरी समजावून सांगितला असेल. मला त्यातला प्रत्येक शब्द वाचता आला असता. आणि तो कागद कुठवर पोचतो, हे तिला कळलं होतं — ज्या बाईने तिचं नाव बुडवलं, त्या बाईलाही तो झाकतो, इथवर. मी आयुष्यात देवळं पाहिली, समुद्र पाहिले, तुमच्याकडचे बर्फाचे डोंगर पाहिले. इतकं मोठं काही पाहिलं नाही. ते ओट्यापाशी उभं होतं, ओल्या हातांनी.

मी दोन गल्ल्या ओलांडून गेले का? नाही. संस्थेत फोन केला का? नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. नाही केला. वनिताने त्यानंतर अकरा महिने आजोबांचं सगळं केलं, अगदी शेवटपर्यंत. मी त्यांच्यावर कधी कधी कशी ओरडायचे, तेही तिने ऐकलं. कुमुदताई पुढच्या वर्षी गेल्या. मी भेटायला गेले, त्यांच्या सुनेचा हात हातात घेतला, आणि गप्प बसले. मी घाबरट होते. आजाराचं, वयाचं, आजोबांच्या काळजीचं कारण मी देणार नाही. यातलं काहीही नसतं तरी मी हेच केलं असतं.

कुमुदताई नाहीत, आजोबा नाहीत. वनिता आंजीला आहे, आणि तिने हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही.