नवव्या रोज्याची देगची

नोकरीच्या पहिल्याच दिवशी नसीमबानूने मॅनेजरला दोन अटी घातल्या.

"डुक्कर माझ्या चुलीवर चढणार न्हाई, आन् दारू माझ्या पातेल्यात पडणार न्हाई. बाकी सांगाल ते शिजवीन."

औंधच्या बाजूला ते गेस्ट हाउस होतं. चाकणच्या कारखान्यांत कामाला येणारे जपानी इंजिनियर तिथे उतरत. मॅनेजर म्हणाला, "अहो बाई, जपानी स्वयंपाकात चमचा-दोन चमचे दारू पडतेच."

"मंग दुसरी बाई बघा," म्हणत तिने पिशवी उचलली.

दुसरी बाई मिळत नव्हती म्हणून तर हिला बोलावलं होतं. नसीमबानू तिथे नऊ वर्षं टिकली.

ती मूळची कात्रजच्या घाटापलीकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कसबा पेठेत आली, ती कल्हईवाल्याच्या घरात. नवरा मकसूद, त्याचा बाप, बापाचा बाप, सगळ्यांनी पेठेतली तांब्या-पितळेची भांडी आतून पांढरी करण्यात जन्म घालवला. नणंद नाजिमा गल्लीच्या टोकाला दिलेली, बोलायला एकदम शहरी. ती पहिल्या दिवसापासून भावजयीच्या 'हाय'ला आणि 'न्हाई'ला हसत आली. तीस वर्षं झाली, नसीमबानूचं 'हाय' काही 'आहे' झालं नाही. "माझ्या आईनं दिल्याली जीभ हाय ती," ती म्हणायची. "तुमच्या गल्लीसाठी काय घासून बारीक करू?"

गेस्ट हाउसमध्ये तिला शिकवलं एका इंजिनियरच्या बायकोने. फुमिको तिचं नाव. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण चुलीपाशी भाषा लागते कुणाला? फुमिकोने वाफवलेल्या तांदळावर पांढरी लव कशी आणायची ते दाखवलं. ती लव आलेला तांदूळ शिजवलेल्या सोयाबीनमध्ये मिठासकट मळायचा, बरणीत दाबून भरायचा, वर दगड ठेवायचा आणि सहा-आठ महिने विसरून जायचं. त्याचा होतो मिसो. गडद, खारट, मातकट वासाचा. गरम पाण्यात चमचाभर कालवला की सूप.

"म्हंजे लोनचंच की," नसीमबानू म्हणाली. फुमिकोने मान हलवली. तिला काय कळलं कुणास ठाऊक.

मग ती एकेक गोष्ट आपल्या वळणावर घेत गेली. तिकडे सुपाला सुक्या माशाचं पाणी लागतं. हिने मंडईतून सोडे आणले, तव्यावर भाजले आणि ते उकळून पाणी काढलं. दारूच्या गोडव्याच्या जागी गुळाचा खडा टाकला. लाल चवळी गुळात शिजवून, पातळ करून, त्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या सोडायचं एक गोड सार होतं. ते चाखल्यावर ती म्हणाली, "ही तर पुरनाची सख्खी भैन निघाली." काळे तीळ वाटून फिरनीत घातले, तर फिरनी अशी काळीभोर झाली की मॅनेजर दोन पावलं मागे सरला. इंजिनियरांनी वाट्या चाटून पुसून ठेवल्या.

पुढे गेस्ट हाउस बंद पडलं. फुमिको मायदेशी गेली. नसीमबानू घरी आली आणि पलंगाखाली, कैरीच्या लोणच्याच्या शेजारी, मिसोच्या दोन बरण्या लावल्या. मकसूद सूप पुढ्यात आलं की मुकाट्याने प्यायचा. चांगलं म्हणायचा नाही, वाईट म्हणायचा नाही. गल्लीत मात्र तिच्या या विद्येची थट्टाच होती. नाजिमा आली की नाक धरून म्हणायची, "भाभी, पलंगाखाली काय मेलंय?"

रमजानात त्यांच्या गल्लीत रोज संध्याकाळी सगळ्यांचा मिळून रोजा सुटतो. रस्त्यावर दस्तरखान अंथरतात आणि तीस दिवस तीस घरांनी वाटून घेतलेले आहेत. नवव्या रोज्याची देगची मकसूदच्या घरची. सासू होती तोवर तिने गहू, डाळ आणि मटणाचा खिचडा केला. सासू गेल्यावर सोळा वर्षं सुनेने तोच केला, आणि लोक जेवून म्हणत, "वा, अगदी अम्मींच्या हातचा." सोळा वर्षांत कुणी 'नसीमबानूच्या हातचा' म्हणालं नव्हतं.

यंदा पाळ्यांची यादी घेऊन अझीम टेलर दारात आला तेव्हा ती म्हणाली, "खिचडा न्हाई. सूप लिवा."

"कसलं सूप, भाभी?"

"माझं. मी नऊ वर्सं करत हुते ते."

"ते जपानी?" अझीमने पेन कानावर ठेवलं. "लोक दिवसभर उपाशी असतात हो."

"म्हनूनच. उपाशी पोटाला हलकं लागतं. आन् सोबत काळी फिरनी हाय."

"त्यात नशा नाही ना? आंबवलेलं असतं म्हणतात."

"इडलीत असती तेवढी. इडली खाऊन कधी झिंगलायसा का?"

अझीमने 'सूप' लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, ते तिने पाहिलं.

नवव्या रोज्याला तिने दुपारीच सूप करून घरच्या तांब्याच्या देगचीत ओतलं. आज पहिल्यांदाच गल्लीसाठी, तेव्हा चवीला जरा जान यावी म्हणून मूठभर आमसुलं टाकली. चाखलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायची मुभा असते म्हणतात, पण सासूने रोज्यात कधी चाखलं नव्हतं, म्हणून हीही चाखत नसे. मिठाचा अंदाज वासावर. तीस वर्षांत तो चुकला नव्हता.

संध्याकाळी गल्लीतल्या दोघा पोरांनी दांडी घालून देगची दस्तरखानाकडे नेली. अर्ध्या तासात ती परत आली. झाकण तसंच, सूप जवळजवळ काठोकाठ तसंच. मागून नाजिमा.

"भाभी, लोकांनी घोट घेतला आणि थुंकला. सोळा माणसं मोजली मी. अझीमभाईंनी ऐन वेळी समोसे मागवले." मग आवाज जरा खाली आणून, पण पुरेसा मोठा ठेवून ती म्हणाली, "अम्मीच्या देगचीत सडकं घालून पाठवलंत. चौदा पिढ्यांत असं झालं नव्हतं."

"फिरनी?"

"फिरनी पोरांनी संपवली. सगळ्यांचे दात काळे झालेत. त्यावरून वेगळी बोंब आहे."

नाजिमा गेली. अजानला खजूर-पाण्यावर रोजा सोडला होता, त्यावर नसीमबानूने आता वाटीभर सूप घेऊन एक घोट घेतला. तोही तिला थुंकावा लागला. पण ती सडल्याची चव नव्हती. जुनं नाणं जिभेवर ठेवल्यासारखी चव होती. घाटापलीकडच्या घरी पितळेच्या भांड्यात ताक राहून गेलं की अशी चव यायची. कळकलं होतं सूप.

तिने सगळं सूप मोरीत ओतलं आणि मोबाइलचा उजेड देगचीत मारला. कडा पांढऱ्याशुभ्र. बूड मात्र चपातीएवढं लालबुंद. कल्हई उडालेली, नुसतं तांबं. आमसुलाचं आंबट त्यावर चार तास बसलेलं.

खिचड्याला कधी काही झालं नव्हतं, कारण खिचड्यात आंबट नसायचं आणि तो गरमागरम जाऊन संपायचा. आणि भांड्याच्या आत बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. वाण्याच्या घरात कुणी मीठ आहे का विचारतं? रमजानाआधी मकसूद म्हणाला होता, "देगची झाली." बाहेरून चकचकीत होती.

मकसूद दारात उभा होता. त्यालाही दिसलं.

"गर्दी होती गं," तो म्हणाला. "केटरिंगवाल्याची सतरा भांडी आली होती. घरचं म्हटलं वर्षातनं एकदाच लागतं, चालून जाईल."

"मंग हे जाऊन सांगा गल्लीत."

तो खाली बसला. "बानू, तुला कळतंय का? स्टीलने आधीच अर्धा धंदा नेला. पेठेत कल्हईवाले उरलेत किती? त्यातल्या एकाच्या घरची देगची कळकली असं झालं, तर माझ्याकडे येतंय कोण?"

"आन् माझं?"

"तुझं काय? सूप बिघडलं म्हणतील. चार दिवस बोलतील. पुढल्या वर्षी खिचडा कर, विसरतील."

"म्हंजे तुमचं झाकायचं आन् माझं नाक कापायचं." ती ओरडली नाही. वाटी विसळून पालथी घातली. "सोळा वर्सं माझ्या हातचं अम्मीच्या हातचं म्हनून जेवले सगळे. एकदा माझा हात पुढं केला, तर त्याच्यावर थुंकलं. मी गप बसनार न्हाई. पन मी सांगनार बी न्हाई. तुम्ही सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर उद्यापास्नं ह्या घरात तांब्याच्या भांड्यात पानी बी भरनार न्हाई मी. स्टील आनीन. कल्हईवाल्याची बायको स्टीलवर जेवती, हे बी कळू दे गल्लीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने देगची उचलून त्याच्या भट्टीपाशी ठेवली. भट्टी दुकानाच्या दारात, अगदी रस्त्याला लागून. रमजानात मकसूद ऊन चढायच्या आत काम आवरायचा, म्हणून नऊलाच भाता सुरू झाला होता. त्याने देगचीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. हटायचं चिन्ह नव्हतं.

त्याने देगची ओढली. आतून घासली, धुतली, निखाऱ्यांवर आडवी धरली.

समोरच्या पहिल्या मजल्यावर कुसुमताई राहतात. पेठेतल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी गॅलरीत उभं राहून गल्लीची हजेरी घ्यायची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

"मकसूदभाई," वरून आवाज आला, "आज घरच्यांचा नंबर लागला वाटतं."

मकसूद भाता मारत राहिला. अझीम दुकान उघडायला निघाला होता, तो थांबला. नाजिमा दूध घेऊन येत होती, तीही थांबली.

"भाईजान, ही तर रमजानाआधीच झाली होती ना?" तिने विचारलं.

नसीमबानूने ओठ आवळले. सगळ्यांनी मकसूदकडे पाहिलं.

मग मकसूदने देगची भट्टीवरून उतरवली, आतलं बूड सगळ्यांना दिसेल असं तोंड त्यांच्याकडे करून धरली.

"झाली नव्हती," तो म्हणाला. "मी खोटं बोललो होतो. कालचं सूप माझ्या देगचीने कळकवलं. बानूच्या हाताची चूक नव्हती. हे बघा तांबं."

अझीम म्हणाला, "मग रमजानाआधी इथे दारात मांडलेली ती केटरिंगवाल्याची सतरा भांडी?"

"बोलाव त्याला!" मकसूद एकदम उसळला. "सतराच्या सतरा आणू दे, इथे रस्त्यावर मांडू दे. एकात जरी लाल ठिपका दिसला तर भाता तुझ्या दुकानात आणून टाकतो. दुसऱ्याचं काम मी कधी चुकवलं नाही. घरचं चुकवलं."

"घरचंच चुकवतात सगळे," कुसुमताई वरून म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी जगाची घड्याळं दुरुस्त केली, आमचं अजून पावणेचारलाच उभं आहे."

मकसूदने देगची परत निखाऱ्यांवर धरली. नवसागराचा पांढरा धूर उठला, सगळे खोकत मागे सरले. मकसूदने कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत नेलं, आणि तांब्याचा लाल रंग चांदीसारखा पांढरा होत गेला. पाण्यात बुडवताना देगची चर्रकन वाजली.

नसीमबानू तेव्हा अझीमकडे वळली. "आज मी परत आनते सूप."

"भाभी, आज दहावा. आज कुरेशींची बिर्याणी आहे."

"असू द्या की. बिर्याणीच्या बाजूला ठेवते. कुनी न्हाई प्यालं तर मी पिते."

नाजिमा पुटपुटली, "भाभी, निदान थोडा गरम मसाला तरी टाका. लोकांना जरा ओळखीचं वाटेल."

"न्हाई. तुला ओळखीचं पायजेल तर बिर्यानी खा. माझ्या सुपात मसाला पडनार न्हाई, आमसूल बी न्हाई. जसं हाय तसं."

तिने बरणीचा तळ खरवडून मिसो काढला. सोडे भाजले, पाणी काढलं, गुळाचा खडा टाकला, पालक चिरून घातला. या वेळीही चाखलं नाही. संध्याकाळी ती स्वतः दस्तरखानाच्या टोकाला, बायकांच्या बाजूला देगचीपाशी पळी घेऊन बसली. अजान झाली, खजुरांवर रोजे सुटले. बिर्याणीच्या थाळ्या इकडून तिकडे गेल्या. देगचीकडे कुणी आलं नाही.

तिने आपल्यासाठी वाटी भरली आणि सगळ्यांच्या देखत प्याली. घोटाघोटाने, तोंड वाकडं न करता. मीठ बरोबर होतं.

मग मकसूद आला. वाटी घेतली, उभ्यानेच प्याला, पुन्हा पुढे केली. त्याच्यामागून कुरेशींची म्हातारी आली. तिला दातांअभावी बिर्याणी चावत नव्हती. ती दोन वाट्या प्याली आणि म्हणाली, "पोटात कुठं उतरलं ते कळतंय बघ." मग आणखी काही आल्या. सगळे नाही. निम्मेही नाही. दोन-तीन जणांनी घोट घेऊन वाटी हळूच खाली ठेवली, ते तिने पाहिलं आणि सोडून दिलं. नाजिमाने बोट बुडवून चाखलं, मग अर्धी वाटी घेतली. "वास तोच आहे," ती म्हणाली, आणि प्याली.

अझीम सर्वांत शेवटी आला. वाटी रिकामी करून मिशी पुसत म्हणाला, "फिकं आहे जरा. पण वाईट नाही."

"फिकं न्हाई. तुमच्या जिभेला तिखटाबिगर काय ऐकूच येत न्हाई."

देगचीत अजून निम्मं सूप उरलं होतं. अझीमने एकदा तिकडे नजर टाकली, खिशातून यादी काढली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाभी, झालं ते झालं. सगळ्यांना कळलं, तुमची चूक नव्हती. आता पुढल्या वर्षीच्या नवव्या रोज्याला खिचडाच लिहून ठेवतो. सगळ्यांना चालतो, उरतही नाही."

"सूप लिवा."

"अहो, निम्मं उरलंय."

"काल सगळं उरलं हुतं. आज निम्मं उरलं. पुढल्या साली बघू." तिने पळी देगचीवर ठेवली आणि पदराला हात पुसले. "लिवा, मी हितंच उभी हाय. आन् त्याच्यापुढं ते आकड्यासारखं चिन्ह काढू नगा."

अझीमने लिहिलं. तिने कागद त्याच्या हातातून घेतला, दिव्याखाली धरून वाचला, आणि मगच परत दिला.